घरी केलेलं रणांगण: पहिली टेकडी वितळली, पुढचं कसं करू?

रिकामा खोका

नमस्कार मंडळी,

वर्षभर आम्ही चौघं मित्र २८ मिलिमीटरच्या मिनींचे, म्हणजे छोट्या शिपायांच्या पुतळ्यांचे, युद्धखेळ खेळतो आहोत. मिनी सगळ्यांनी मन लावून रंगवल्या. टेबलावर मात्र अजून पुस्तकांच्या चळती म्हणजे टेकड्या आणि रिकामी खोकी म्हणजे घरं. परवाच्या डावात माझी तुकडी एका खोक्याआड उभी होती आणि समोरचा विचारत होता, "ही नुसती भिंत आहे की घर? आत शिरता येतं का?" त्यावर अर्धा तास गेला. त्याच रात्री ठरवलं की टेरेन, म्हणजे टेबलावरच्या टेकड्या, घरं, झाडं, आपणच करायचं.

पहिली टेकडी थर्माकोलची केली. सामानाच्या पॅकिंगमधला जाड तुकडा घेतला, कटरने आकार दिला, पांढरा गोंद फासून वर वाळू टाकली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी डब्याच्या स्प्रेने काळा रंग मारला, आणि डोळ्यांदेखत कडा आत बसायला लागल्या. जिथे वाळूचा थर जाड होता तेवढाच भाग वाचला. बाकी ठिकाणी खळगे आणि भोकं. खूप वाईट वाटलं. फोटो जोडला आहे.

आता विचारायचं ते असं. टेकडी का वितळली? थर्माकोल सोडून दुसरं काय वापरता? आणि टेबल सहा बाय चार फूट आहे, तर पहिल्या महिन्यात काय काय करायला घेऊ? सगळं एकदम घेतलं तर काहीच पुरं होणार नाही, हे मला माझं माहीत आहे.

सहाचा फासा

वितळण्याचं कारण सरळ आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. त्यात प्लास्टिक अगदी थोडं, बाकी सगळी हवा. स्प्रेच्या डब्यातल्या रंगात जे द्रावक असतात ते पॉलिस्टायरिन विरघळवतात. प्लास्टिकच्या पातळ भिंती विरघळल्या की आतली हवा निघून जाते आणि तुकडा खाली बसतो. वाळूखाली गोंदाचा सलग थर होता म्हणून तो भाग वाचला.

म्हणजे उपायही तुमच्याच टेकडीवर दिसतो आहे. आधी पांढऱ्या गोंदात काळा ॲक्रिलिक रंग कालवून ब्रशने सगळीकडे थर द्या. खाचा, कडा आणि खालची बाजूसुद्धा. सुकल्यावर दुसरा थर. मग हवा तर स्प्रे, तोही लांबून आणि हलका. मी स्वतः फोमवर स्प्रे वापरणं सोडून दिलं आहे. भिंतीला लावायचा पाण्यातला इमल्शन रंग ब्रशने लावला की भीतीच उरत नाही.

हेच द्रावक काही गोंदांतही असतात. रबरी वासाचा, चपला चिकटवायचा गोंद फोमला खातो. झटपट चिकटणारा सुपरग्लूसुद्धा खातो. नवीन गोंद आणला की आधी फोमच्या उरलेल्या तुकड्यावर लावून बघा.

रानवाट

वितळलेली टेकडी फेकू नका! फोटो बघितला. ती खळगे पडलेली बाजू तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीसारखी दिसते आहे. गोंद आणि रंगाचे दोन थर द्या, खळग्यांच्या तळाशी गडद तपकिरी, काठावर फिकट. कापून असा खडबडीतपणा मुद्दाम आणायला मला कधी जमलेलं नाही.

जुनी पलटण

पहिल्या महिन्यात काय करायचं याचं उत्तर देतो, पण त्याआधी एक गोष्ट. ती मला पाच-सहा घरं करून झाल्यावर कळली, तुम्हाला आधीच कळलेली बरी.

टेरेनचं माप प्रत्यक्ष जगातून काढू नका. ते मिनीच्या बेसवरून (तिच्या पायाखालच्या चकतीवरून) आणि आपल्या बोटांवरून काढा.

२८ मिलिमीटरची मिनी साधारण १:५६ प्रमाणात धरतात. आता खरा दरवाजा ९० सेंटीमीटर रुंद घेतला, तर या प्रमाणात तो १६ मिलिमीटर होतो. मिनीचा गोल बेस २५ मिलिमीटरचा. म्हणजे हिशेबाने अगदी अचूक असलेल्या दारातून तुमचा एकही शिपाई आत जाणार नाही. जिन्याच्या पायरीचंही तेच. खरी पायरी २८ सेंटीमीटर खोल, प्रमाणात ५ मिलिमीटर. त्यावर २५ चा बेस टेकणार कसा? मजल्याची उंची हिशेबाने ५० मिलिमीटर भरते, पण तेवढ्यात मिनी धरलेली बोटं आत जात नाहीत. वरचा मजला काढता येत नसेल तर आतली मिनी तिथेच अडकते.

म्हणून माझी मापं सांगतो. दार २८ ते ३० मिलिमीटर रुंद आणि ४० उंच, कारण बेसच्या जाडीने मिनी आधीच तीनेक मिलिमीटर वर उचललेली असते. मजला ७५ मिलिमीटरचा. जिना बाहेरून दिसण्यापुरता, आणि मधे एक सपाट टप्पा असा की त्यावर एक बेस पुरा बसेल. खिडकीची खालची कड मिनीच्या छातीला येईल अशी, म्हणजे आतल्या माणसाला आडोसा आहे हे नुसतं बघून कळतं. तुमचा अर्धा तास गेला तो याच प्रश्नावर ना?

झाडांचंही असंच. खरं १५ मीटरचं झाड १:५६ मध्ये जवळजवळ २७ सेंटीमीटर उंच होईल. टेबलावर ते हाताला अडतं, फासे टाकताना पडतं, मागच्या मिनी झाकून टाकतं. १० ते १५ सेंटीमीटरची झाडं पुरतात, आणि डोळा ती आनंदाने खरी मानतो. मुळात सहा फुटांचं टेबल या प्रमाणात जेमतेम १०० मीटरचं मैदान होतं. आपण तेवढ्यात गाव, नदी, रान आणि लढाई बसवतो. तेव्हा आकसून घेणं आलंच. कशात आकसायचं आणि कशात नाही, हे ठरवणं म्हणजे टेरेन करणं, असं मी मानतो.

आता पहिला महिना. दोन टेकड्या, तीन झाडांचे पुंजके, सहा-सात कुंपणं आणि एक घर. एवढ्यावर सहा बाय चार फुटांचं टेबल खेळण्याजोगं होतं. घर सगळ्यात शेवटी करा. घरात वेळ फार जातो आणि डावात त्याचा उपयोग एका कोपऱ्यातच होतो. कुंपणं सगळ्यात आधी. ती एका संध्याकाळी होतात आणि लगेच खेळ बदलतो.

रिकामा खोका

दाराचं गणित वाचून उठलो आणि पट्टी घेऊन बसलो. मी आखलेलं घराचं दार १८ मिलिमीटरचं होतं. पुठ्ठा कापायच्या आत कळलं, फार उपकार झाले.

कुंपणं कशाची करता? आणि थर्माकोल नाही तर काय, ते राहिलंच.

सहाचा फासा

पांढऱ्या दाणेदार थर्माकोलऐवजी एक्स्ट्रुडेड फोम घ्या. छताच्या किंवा भिंतीच्या उष्णतारोधनासाठी त्याचे निळे, गुलाबी किंवा तसल्याच एखाद्या रंगाचे बोर्ड येतात. पदार्थ तोच, पॉलिस्टायरिन, म्हणून स्प्रेने तोही वितळतो. पण त्यात दाणे नसतात, सलग बारीक पोत असतो. कटरने कापला की कड स्वच्छ येते, बॉलपेनने दाबून रेघ ओढली की विटांचा सांधा होतो, आणि ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून फिरवला की दगडाचा पोत उमटतो. हा गोळ्याचा प्रकार एकदा करून बघाच. दोन मिनिटांत गुळगुळीत फोमची जुनी भिंत होते.

थर्माकोलची हौस असेल तर मोठ्या टेकडीच्या पोटात तो भरायला हरकत नाही. वरचं कवच चांगल्या फोमचं.

दोन मोठे फोम एकमेकांवर पांढऱ्या गोंदाने चिकटवलेत तर मधला गोंद कित्येक दिवस ओलाच राहतो. पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. कडेकडेला गोंद लावा, मधे बांबूच्या काड्या आरपार खुपसा आणि वर वजन ठेवून विसरून जा.

रानवाट

कुंपणं माझ्याकडे लागली!

झुडपांचं कुंपण हवं असेल तर भांडी घासायची हिरवी घासणी. कात्रीने नाही, हाताने फाडायची, म्हणजे कड अनियमित येते. १५ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद लाकडी पट्टीवर उभी चिकटवा, वर पातळ गोंद, त्यावर रंगवलेला भुसा. लाकडी कुंपणाला आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून घ्या. चिरताना सरळ फाटल्या नाहीत तर उत्तमच, जुनं लाकूड तसंच दिसतं. काटेरी तारेसाठी बारीक तार दाभणाभोवती गच्च गुंडाळून ओढून घ्यायची, की वेटोळी तयार.

आणि पिकाचं शेत! काथ्याचं जाड पायपुसणं आणा. आयताकृती तुकडे कापा, कडांना गोंद लावून पुठ्ठ्यावर बसवा, वरून फिकट पिवळ्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात. पिकलेलं शेत तयार. तुकडे सुटे ठेवलेत तर मिनी शेतात शिरल्यावर तेवढा तुकडा काढता येतो. मी केलेल्या सगळ्या टेरेनपैकी लोक सगळ्यात आधी बोट लावून बघतात ते हे शेत.

जुनी पलटण

शेताला +१. फक्त पायपुसण्याच्या मागे रबराचा थर असेल तर कटरचं पातं पटकन बोथट होतं. पातं बदलायला कंजुषी करू नका. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं, आणि जोर लावावा लागला की हात सटकतो. लोखंडी पट्टी, हलक्या हाताने तीन-चार वेळा, आणि पुढचा हात पात्याच्या वाटेत नाही. तापलेल्या तारेचं कटर घेतलंत तर खिडकी उघडी ठेवा. तापल्यावर फोममधून जो धूर निघतो त्यात स्टायरिन असतं, ते हुंगायचं नाही. एमडीएफ (दाबलेल्या लाकूडभुशाचा बोर्ड) घासताना तोंडाला मास्क.

थरावर थर

वाचनखूण साठवली. पण एक विचारतो: हे सगळं करण्यापेक्षा थ्रीडी प्रिंटरवर घर काढणं सोपं नाही का? माझ्याकडे प्रिंटर आहे. ०.२ मिलिमीटर थराने छान विटा येतात. मी गावातली सगळी घरं छापली, हाताने काहीच केलं नाही.

रानवाट

घरं छापा की. पण टेकडी छापणार का? झाड? शेत? मोठा आणि ओबडधोबड आकार प्रिंटरवर दिवसेंदिवस चालतो, तोच फोममध्ये अर्ध्या तासात होतो. मला प्रिंटर आवडतो तो बारीक वस्तूंसाठी: पिंपं, खिडकीच्या चौकटी, दिव्याचे खांब, चाकं.

जुनी पलटण

रानवाट यांच्याशी सहमत. एक भर घालतो: छापलेलं घर आणि हाताने केलेली टेकडी एका टेबलावर परकी दिसतात ती रंगामुळे, बनावटीमुळे नाही. दोन्हींवर जमिनीचा रंग एकच ठेवा. माझ्याकडे तीन रंग ठरलेले आहेत: गडद तपकिरी, मातकट, फिकट वाळू. टेकडी, घराचा पाया, झाडाचा बेस, रस्ता, आणि मिनीच्या बेससुद्धा त्याच तीन रंगांनी. डब्यांवर नाव आणि क्रमांक लिहून ठेवले आहेत. कित्येक वर्षांपूर्वी केलेलं कुंपण आजच्या टेकडीशेजारी ठेवलं तरी ते तिथलंच वाटतं.

आणि पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये) छापलेलं टेरेन उन्हात बंद गाडीत ठेवू नका. साठेक अंशांना ते मऊ पडतं.

थरावर थर

रंगाचं पटलं. माझी घरं टेबलावर ठेवल्यासारखी वाटतात, उगवल्यासारखी वाटत नाहीत. ते यामुळेच असणार. पायाला मातीचा पोत देऊन बघतो.

रिकामा खोका

मातीच्या पोताची कृती कोणी देईल का? आणि टेकडी पायऱ्यापायऱ्यांची करू की उताराची? आमच्यात यावरून दोन तट पडले आहेत.

रानवाट

उताराची! पायऱ्यांची टेकडी कुठे असते? सगळ्या टेबलाचा देखावा त्या एका आकाराने बिघडतो.

सहाचा फासा

देखाव्यापुरतं खरं. पण उतारावर मिनी उभी राहायला हवी. माझ्या धातूच्या मिनी तिरप्या पृष्ठभागावर हमखास सरकतात, आणि सरकून पडल्या की रंग उडतो. शिवाय 'मी माथ्यावर आहे की उतारावर' हा वाद दर डावाला. मी दोन्ही बाजूंनी २५ मिलिमीटरच्या पायऱ्या करतो.

जुनी पलटण

दोघांचंही समाधान होईल असं एक आहे. प्रत्येक पायरी निदान ५ सेंटीमीटर रुंद आणि सपाट ठेवा, म्हणजे दोन बेस मागेपुढे उभे राहतात. पायरीची कड ४५ अंशांत तिरपी कापा. मग एकाच बाजूची कड उभ्या कड्यासारखी सरळ ठेवा आणि तिथे झाडाच्या सालीचे तुकडे खडक म्हणून चिकटवा. पाइनची साल सगळ्यात चांगली, तिला थर असतात आणि ती रंगवल्यावर हुबेहूब खडक दिसते. आधी ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून घ्या, आत किडे असतात. आता ज्या बाजूने चढता येतं ती तिरपी आणि जिथे चढता येत नाही ती खडकाची, असा नियम नुसत्या डोळ्यांना कळतो. वाद संपतो. मी हे कित्येक डावांत वापरलं आहे.

पोताची कृती: भिंतीला लावायची पुट्टी दोन भाग, पांढरा गोंद एक भाग, तपकिरी इमल्शन अर्धा भाग, आणि चाळलेली वाळू इतकी की मिश्रण चमच्यावरून सावकाश घसरेल. नुसती पुट्टी तडकते, गोंद तिला लवचीक ठेवतो. आधीच तपकिरी असल्याने पुढे कुठे टवका उडाला तरी खाली पांढरं दिसत नाही. वाळू बारीकच घ्या. १ मिलिमीटरचा कण या प्रमाणात जवळजवळ साडेपाच सेंटीमीटरचा दगड होतो. मोठ्या कणांची जमीन म्हणजे सगळीकडे गोटेच गोटे.

सहाचा फासा

हे मिश्रण पुठ्ठ्यावर लावणार असाल तर थांबा. पुठ्ठ्याच्या एका बाजूला ओलं लागलं की सुकताना तो वाकतो. नाल्यासारखा वर वळतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. खालच्या बाजूलाही त्याच दिवशी गोंदपाणी मारा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी बसते. त्याहून चांगलं, ३ मिलिमीटरच्या एमडीएफचा पाया घ्या आणि कडा पॉलिश पेपरने तिरप्या घासा.

रानवाट

त्यावर गवत! नायलॉनच्या तंतूंचं स्टॅटिक गवत. ते पेरायच्या यंत्राला चाळणी असते आणि एक चिमटा. चिमटा ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला लावायचा. यंत्र काही हजार व्होल्टचा विद्युतभार देतं, तंतू त्या भाराने उभे राहतात आणि गोंदात सरळ रुतून बसतात. २ आणि ४ मिलिमीटरचे दोन्ही तंतू मिसळा, नाहीतर गवत कापलेल्या हिरवळीसारखं दिसतं. यंत्र नसेल तर बुडाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली हलकेच दाबत गवत फुंकरा. तसं उभं राहत नाही, पण बरं दिसतं.

स्पंज दळून केलेली पानं मी अजून वापरते. अंघोळीचा जुना स्पंज, पाणी, हिरवा रंग, आणि फक्त याच कामाला ठेवलेलं मिक्सरचं भांडं. पिळून पसरून सुकवायचं. दोन-तीन वेगवेगळ्या हिरव्या छटा करून एकत्र मिसळल्या की झाडाला जीव येतो. खोडासाठी जुन्या विजेच्या वायरीतले तांब्याचे धागे पिळून फांद्या करायच्या. वर गोंदात कालवलेली बारीक वाळू फासायची, सालीसारखं दिसतं.

शेवटी सगळ्यावर पातळ गोंदपाण्याचा फवारा. एक भाग गोंद, तीन भाग पाणी, आणि भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब. थेंब विसरला तर पाणी मण्यांसारखं वर गोळा होतं आणि भुसा घेऊन वाहून जातं.

जुनी पलटण

अवांतर आहे, पण धागा वाचून राहवलं नाही.

हा छंद आपल्याला वाटतो तितका नवा नाही. प्रशियात (तेव्हाच्या एका जर्मन राज्यात) गेओर्ग फॉन राइसवित्स यांनी १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला युद्धखेळाचं एक टेबल भेट दिलं. त्यात जमीन सुट्या चौकोनी तुकड्यांची होती. डोंगर, नद्या, रस्ते उठावात काढलेले, आणि तुकडे हवे तसे जुळवून दर वेळी नवं रणांगण मांडता यायचं. प्रमाण १:२३७३. आपण आज दोन बाय दोन फुटांचे फोमबोर्ड जुळवतो, ती त्यांचीच वाट. पुढे त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये खेळ नकाशावर नेला, १:८००० प्रमाणात, कारण अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशाच सोयीचा. त्यामुळे तो खेळ लष्करात पसरला, पण टेबलावरचे डोंगर गेले.

आणि १९१३ मध्ये इंग्लिश लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या युद्धाचे नियम छापले, त्यातही टेरेनवर लिहिलं आहे. त्यांचं रणांगण जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांच्या घरांचं. त्यांनी अनुभवाने ठरवलं की घरं भरीव ठेवायची, आत शिपाई उभे करता येतील अशी पोकळ नाही, कारण पोकळ घरांत गोंधळ माजतो. रिकामा खोका, तुमचा 'आत शिरता येतं का' हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

मी मात्र वेल्सचं ऐकत नाही. छप्पर उचलता येईल असं करतो, आणि छपराच्या कोपऱ्यांत लहान चुंबक. भरीव घरासमोर खेळणारा थांबतो. उघडणाऱ्या घरात तो माणसं नेतो, खिडकीवर एकेकाला उभं करतो, आणि त्या घराला त्याच्या डोक्यात एक जागा मिळते.

सहाचा फासा

हे माहीत नव्हतं. १:२३७३ म्हणजे आपलं सहा फुटांचं टेबल तिथे सव्वाचार किलोमीटरहून लांब. आणि आपलं १०० मीटरचं. म्हणूनच त्यांच्या तुकड्यांतून एकटा माणूस दिसतच नसणार.

रिकामा खोका

दोन आठवड्यांनी परत आलो.

झालेलं सांगतो. आठ कुंपणं, घासणीची. एक टेकडी, जुनी पलटण यांच्या पद्धतीने, एका बाजूला सालीचा कडा. दोन शेतं. वितळलेली टेकडी रानवाट यांनी सांगितल्याप्रमाणे रंगवली आणि ती आता तोफगोळ्यांनी उकरलेली जमीन म्हणून टेबलाच्या मधोमध असते. परवा त्याच खळग्यांत माझी तुकडी तीन फेऱ्या तग धरून होती.

आता नदी करायची आहे. इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रेझिन) ओतू का?

थरावर थर

मी ओतलं आहे, म्हणून सांगतो. जाड थर एकदम ओतू नका. इपॉक्सी घट्ट होताना तापतं, आणि जाड थरात ती उष्णता अडकते. तडे जातात, खालचा फोमही बिघडतो. काही मिलिमीटरचा थर, तो घट्ट झाला की पुढचा. तळ आधी गोंदरंगाने पूर्ण बंद करा, नाहीतर पुट्टीच्या छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येते. हातात नायट्रिलचे मोजे हवेतच. घट्ट न झालेलं इपॉक्सी कातडीला वारंवार लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते.

जुनी पलटण

खेळायच्या नदीला इपॉक्सी लागतच नाही, असं माझं मत. पाण्याची खोली रंगात असते. मधोमध गडद हिरवट निळा, काठाकडे तपकिरी, अगदी काठाला वाळूचा रंग, आणि ओल्या रंगावरच एकमेकांत मिसळून घ्या. वर ग्लॉस वॉर्निशचे चार-पाच पातळ थर, प्रत्येक थर पुरता सुकल्यावर. खळखळ दाखवायची तर जाड ॲक्रिलिक ग्लॉस जेल ब्रशने थापटून लाटांच्या शिखरांवर पांढऱ्याचा हलका हात.

महत्त्वाचं म्हणजे तुकड्यांची टोकं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना पाण्याची रुंदी तीच ठेवा, आणि काठाची जाडीही तीच. मधे हवी तेवढी वळू द्या, फुगू द्या. मग कुठलाही तुकडा कुठेही जुळतो. पुठ्ठ्याचा एक साचा कापून ठेवा आणि प्रत्येक टोक त्यावरूनच आखा. माझ्या पहिल्या नदीचे तुकडे एकाच क्रमाने जुळतात, कारण मी टोकं नजरेने आखली.

रानवाट

रस्त्यांनाही हाच साचा चालतो. जाड कापडावर ॲक्रिलिक कॉकचा (फटी बुजवायच्या नळीतल्या लांबीचा) थर पसरवा, त्यात वाळू दाबा, खेळण्यातली गाडी फिरवून चाकांच्या खुणा काढा. सुकल्यावर असा रस्ता टेकडीवरूनही वाकून बसतो. फक्त नळीवर 'ॲक्रिलिक' लिहिलंय ना ते बघा. सिलिकॉनवर रंग धरत नाही, सोलून निघतो.

रिकामा खोका

नदी झाली! सात तुकडे, टोकाला ९ सेंटीमीटर पाणी, वॉर्निशचे पाच थर. काल पहिला डाव पूर्ण घरच्या टेरेनवर खेळलो. पुस्तक एकही नाही. डाव सुरू व्हायच्या आधी चौघंही टेबलाच्या उंचीला डोळे नेऊन काही वेळ नुसते बघत होतो.

एक चूक आढळली. घर आणि कुंपण यांच्यामधून माझा रणगाडा जाईना. गाडी १० सेंटीमीटर रुंद आणि फट ८ ची. कुंपण उचलून बाजूला ठेवावं लागलं. मिनीचं माप घेतलं, पण गाडीचं नाही. आता कुंपणाचे दोन-दोन तुकडे करू का?

सहाचा फासा

सगळ्यांचे नका करू. आठांपैकी तिघांचे करा, साडेसात सेंटीमीटरचे. ठिकठिकाणी फट ठेवता येते आणि फाटकही त्यातच बसतं. मांडणी करताना रणगाडाच हातात घेऊन प्रत्येक वाटेतून एकदा फिरवून बघा.

रिकामा खोका

तीन कुंपणं कापली. एका फटीत काड्यांचं फाटक बसवलं आहे, गोंद अजून ओला आहे. रविवारी रणगाडा त्यातून जाईल.